बॉस्टन की न्यूयॉर्क? २०२५ च्या प्लेऑफआधी दोन्ही संघांचं परीक्षण

अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनबीएत, १३ एप्रिल २०२५ ला साखळी सामने संपले तेव्हा बॉस्टन सेल्टिक्सच्या खात्यात ६१ विजय आणि २१ पराभव होते, तर न्यूयॉर्क निक्सच्या खात्यात ५१ विजय आणि ३१ पराभव. ईस्टर्न कॉन्फरन्समध्ये, म्हणजे लीगच्या पूर्वेकडच्या गटात, बॉस्टन दुसरं आलं, न्यूयॉर्क तिसरं. प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेऱ्यांच्या, पहिल्या फेरीत बॉस्टनसमोर ऑरलँडो मॅजिक आहे आणि न्यूयॉर्कसमोर डेट्रॉइट पिस्टन्स. दोघांनी आपापली फेरी काढली तर पुढच्याच फेरीत त्यांची गाठ पडते. त्यामुळे दोन्ही संघ शेजारी ठेवून तपासायची वेळ हीच आहे. (हे सगळं एप्रिल २०२५ मध्ये, प्लेऑफ सुरू व्हायच्या आधी लिहिलेलं आहे; 'यंदा' म्हणजे २०२४-२५ चा मोसम.)

यंदा समोरासमोर चार सामने झाले आणि चारही बॉस्टनने जिंकले: १३२-१०९, १३१-१०४, ११८-१०५ आणि एप्रिलमध्ये ओव्हरटाइममध्ये ११९-११७. एवढ्यावरून निकाल लावून मोकळं होणारे बरेच भेटतील. बॉस्टनचं पारडं जड आहे हे खरंच आहे. पण ते कशामुळे जड आहे हे नीट पाहिलं नाही, तर न्यूयॉर्कला कुठे वाट आहे तेही दिसत नाही.

बॉस्टनचं नाव निघालं की सगळे आधी थ्रीबद्दल, म्हणजे रेषेबाहेरून मारलेल्या तीन गुणांच्या शॉटबद्दल, बोलतात, आणि त्याला कारण आहे. या संघाने यंदा दर सामन्याला सरासरी ४८ थ्री मारले आणि त्यातले जवळजवळ १८ घातले. टूपेक्षा (दोन गुणांच्या शॉटपेक्षा) थ्री जास्त मारून अख्खा मोसम काढणारा एनबीएतला हा पहिलाच संघ. न्यूयॉर्कचे थ्री ३४ च्या आसपास, लीगमधल्या सगळ्यात कमी मारणाऱ्या संघांपैकी एक. टक्केवारी मात्र दोघांची जवळपास सारखी, ३७ च्या घरात. म्हणजे नेमात फरक नाही, फरक आहे तो किती वेळा मारलं यात.

आता जरा गुण बघा. बॉस्टन दर सामन्याला साधारण ११६ गुण करतं आणि न्यूयॉर्कसुद्धा ११६ च्याच आसपास. चौदा थ्री कमी मारूनही न्यूयॉर्क तेवढेच गुण जमवतं, कारण रिंगजवळचे शॉट त्यांना भरपूर मिळतात. खरी तफावत दुसऱ्या बाजूला आहे. बॉस्टन समोरच्याला १०७ गुण देतं, न्यूयॉर्क जवळजवळ ११२. साडेचार-पाच गुणांचं हे अंतर सगळं डिफेन्समधलं आहे. गुण करण्यात हे दोन संघ बरोबरीचे आहेत आणि गुण अडवण्यात बॉस्टन एक पायरी वर आहे. पुढे जे काही लिहिलं आहे ते याच पायरीबद्दल आहे.

न्यूयॉर्कची अडचण सांगायला सोपी आणि सोडवायला अवघड आहे. जेलन ब्रन्सन आणि कार्ल-अँथनी टाउन्स हे त्यांचे सर्वाधिक गुण करणारे दोन खेळाडू, आणि पहिल्या पाचांतले सगळ्यात कच्चे दोन डिफेंडरही तेच. ब्रन्सनची उंची सहा फूट दोन इंच. मेहनतीला तो कमी पडत नाही, पण त्याच्या डोक्यावरून शॉट मारता येतो. टाउन्स सात फुटी आहे, पण स्क्रीनच्या वेळी (सहकाऱ्यामागे लागलेल्या डिफेंडरची वाट अंगाने अडवणं म्हणजे स्क्रीन) पाय हलवायला त्याला अर्धा क्षण जास्त लागतो आणि रिंगजवळ त्याची जरब बसत नाही. एक कच्चा डिफेंडर असेल तर त्याला कोपऱ्यातल्या शूटरवर ठेवून झाकता येतो. दोघे असले की समोरचा संघ त्या दोघांनाच एका चालीत ओढतो.

बॉस्टन ते कसं करतं हे जवळून बघण्यासारखं आहे. चेंडू जेसन टेटमकडे असतो, वरच्या बाजूला, थ्रीच्या रेषेपासून दोन पावलं मागे. ब्रन्सन ज्याच्यावर उभा आहे तो खेळाडू, समजा ड्रू हॉलिडे किंवा डेरिक व्हाइट, धावत येऊन टेटमसाठी स्क्रीन लावतो. आता न्यूयॉर्कपुढे दोन पर्याय. स्विच केलं, म्हणजे दोन डिफेंडरांनी आपापली माणसं बदलली, तर ब्रन्सन टेटमसमोर अडकतो. स्विच टाळायचं म्हणून ब्रन्सन क्षणभर पुढे येऊन टेटमला रोखतो आणि मग आपल्या माणसाकडे पळतो. त्या एका क्षणात स्क्रीन लावणारा मोकळा सुटतो, टेटम त्याला पास देतो आणि पुढे चार विरुद्ध तीन होतं. रिंगजवळ मदतीला येणारा टाउन्स. तो आला की त्याचा माणूस, म्हणजे बॉस्टनचा सेंटर (रिंगजवळचा उंच खेळाडू) पोर्झिंगिस किंवा हॉरफर्ड, रेषेबाहेर मोकळा. तो नाही आला तर लेअप, म्हणजे रिंगखालचा सोपा शॉट. एवढ्या सगळ्याला चार सेकंदही लागत नाहीत. मोसमाच्या पहिल्याच रात्री, २२ ऑक्टोबरला, बॉस्टनने याच संघाविरुद्ध ६१ पैकी २९ थ्री घातले आणि एका सामन्यातल्या सर्वाधिक थ्रीच्या विक्रमाशी बरोबरी केली. टेटमचे ३७ गुण होते. शेवटचे १३ थ्री चुकले म्हणून, नाहीतर तो विक्रम एकट्या बॉस्टनचा झाला असता.

बॉस्टनच्या पहिल्या पाचांत असा कच्चा दुवाच नाही. हॉलिडे आणि व्हाइट हे लीगमधल्या सर्वोत्तम गार्ड (चेंडू आणणारे, उंचीने कमी खेळाडू) डिफेंडरांपैकी आहेत, जेलन ब्राउन आणि टेटम समोरच्या कोणत्याही विंगपुढे (बाजूने खेळणाऱ्या खेळाडूपुढे) उभे राहतात, आणि सात फूट दोन इंचांचा क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस मागे राहून रिंग राखतो. हॉरफर्ड आला की पाचही जण स्विच करू शकतात. न्यूयॉर्कला शोधायचंच असेल तर बेंचवरून येणारा पेटन प्रिचर्ड सापडतो. तो उंचीने कमी आहे आणि ब्रन्सनने त्याच्या माणसाला बोलावून स्क्रीन मागितला की बॉस्टनला थोडी कसरत करावी लागते. पण प्रिचर्ड समोर थ्री घालून ती भरपाई करतो. यंदा त्याने २५० हून जास्त थ्री घातले, बहुतेक बेंचवरून येऊनच.

न्यूयॉर्कची दुसरी अडचण जॉश हार्टची आहे, आणि माझ्या मते या लढतीची किल्ली तिथेच आहे. ब्रन्सन-टाउन्स पिक अँड रोल (टाउन्स ब्रन्सनसाठी स्क्रीन लावतो आणि मग स्वतः मोकळ्या जागेत सुटतो) म्हणजे समोरच्यासाठी कागदावर दुःस्वप्न: टाउन्स ४२ टक्क्यांनी थ्री घालतो, म्हणजे त्याच्यावरचा सेंटर रिंग सोडून बाहेर यायलाच हवा आणि मग ब्रन्सनला आतली जागा मोकळी. यासाठीच न्यूयॉर्कने मोसम सुरू व्हायच्या तोंडावर ज्युलियस रँडल आणि डॉन्टे डिव्हिन्चेन्झो देऊन मिनेसोटाकडून टाउन्स आणला. सुरुवातीचे दोन महिने ते झकास चाललं. मग बाकीच्या संघांनी तोड काढली. सेंटरला टाउन्सवर न लावता हार्टवर लावायचं आणि टाउन्सवर एखादा दणकट गार्ड किंवा विंग. बॉस्टन हेच करतं: टाउन्सवर हॉलिडे आणि हार्टवर उंच खेळाडू.

याने काय बिघडतं? ब्रन्सनने टाउन्सचा स्क्रीन मागितला की व्हाइट आणि हॉलिडे आपापसात स्विच करतात. दोघेही ब्रन्सनला धरू शकतात, त्यामुळे काहीच फुटत नाही. सेंटर मात्र हार्टला कोपऱ्यात मोकळा सोडून रिंगखाली उभाच असतो. हार्ट थ्री घालतो साधारण तीनात एक. तो मारत राहिला तर बॉस्टनला चालतं, नाही मारला तर आणखी चालतं. टाउन्सला मग लहान माणसासमोर पोस्टमध्ये (रिंगजवळ, पाठ लावून) चेंडू द्यायचा मोह होतो. हॉलिडेचं बूड जड आहे, तो ढकलला जात नाही. टाउन्स खांदा घालून रस्ता काढायला जातो, हात पुढे येतो आणि ऑफेन्सिव्ह फाउल लागतो. असे दोन फाउल पहिल्या क्वार्टरमध्ये लागले की टाउन्स बेंचवर, आणि न्यूयॉर्कचा सगळा आराखडा कोलमडतो.

यावर उपाय आहेत, पण प्रत्येकाची किंमत मोजावी लागते. हार्टलाच स्क्रीनला आणायचं, म्हणजे त्याच्यावरच्या सेंटरला नाइलाजाने चालीत यावं लागतं. ब्रन्सनवर दोघे आले की हार्टला मधोमध छोटा पास, आणि तो चार विरुद्ध तीनमध्ये चांगला निर्णय घेतो. हे न्यूयॉर्कने अधूनमधून केलं आहे, पण पहिल्या क्वार्टरपासून सतत करायला हवं. दुसरा उपाय, हार्टच्या जागी माइल्स मॅकब्राइड. तो शूटर आहे, त्याला मोकळा सोडता येत नाही. पण मग हार्टचे रीबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) जातात, आणि ती किंमत थोडी नाही. सहा फूट चार इंचांचा हा माणूस सामन्याला साडेनऊच्या वर रीबाउंड घेतो. थ्री चुकला की चेंडू रिंगवरून लांब उडतो, सेंटरच्या डोक्यावरून पुढे. हार्ट नेमका तिथे पोहोचतो आणि पास न शोधता स्वतःच ड्रिबल करत दुसऱ्या टोकाला निघतो. बॉस्टनचे पाच जण आपापल्या जागी यायच्या आत लेअप होतो. रोज ४८ थ्री मारणाऱ्या संघाविरुद्ध असा माणूस बाहेर बसवणं सोपं नाही.

तिसरा उपाय मला सगळ्यात जास्त पटतो: न्यूयॉर्कचाच दुसरा सेंटर मिचेल रॉबिन्सन. घोट्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो फेब्रुवारीच्या शेवटी परतला आणि १७ सामने खेळला. त्यामुळे मोसमाच्या आकड्यांत तो फारसा दिसत नाही, आणि बॉस्टनविरुद्धचे पहिले तीन सामने तर त्याच्याशिवायच झाले. तो टाउन्सच्या जोडीला उभा राहिला की दोन गोष्टी बदलतात. एक, रिंगखाली खरा राखणदार येतो आणि टाउन्सला बाहेर विंगवर उभं राहता येतं. दोन, ऑफेन्सिव्ह रीबाउंड. रॉबिन्सन शॉट सुटल्याबरोबर समोरच्याच्या कमरेला टेकून जागा करतो आणि चेंडू दोन्ही हातांनी पकडता आला नाही तर बोटांनी मागे उडवतो. त्याच्यासाठी पोर्झिंगिस किंवा हॉरफर्डला सतत आत राहावं लागतं. शिवाय गार्डसमोर स्विच झाल्यावर पाय हलवण्यात तो टाउन्सपेक्षा कितीतरी बरा.

त्याची कमजोरी फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारा, कुणी न अडवलेला एका गुणाचा शॉट. कारकिर्दीत त्याचे जेमतेम निम्मे फ्री थ्रो पडले आहेत. बॉस्टन त्याला मुद्दाम फाउल करणार, हे गृहीत धरूनच चाला. यात नियम लक्षात ठेवायचा: प्रत्येक क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत चेंडूपासून दूर असा मुद्दाम फाउल केला तर एक फ्री थ्रो आणि वर चेंडूही परत मिळतो. त्यामुळे ही युक्ती त्याआधीच चालते, आणि तीही न्यूयॉर्क बोनसमध्ये (म्हणजे प्रत्येक फाउलला फ्री थ्रो मिळण्याच्या स्थितीत) असेल तर. म्हणजे न्यूयॉर्कचे यंदाचे कोच टॉम थिबोडो यांनी रॉबिन्सनला क्वार्टरच्या सुरुवातीला, फाउल कमी असताना, आणि पुन्हा शेवटच्या दोन मिनिटांत खेळवावं. मधली पाच-सहा मिनिटं धोक्याची. त्या वेळात त्याला बाहेर घेतलं तर युक्तीच संपते.

आता न्यूयॉर्कच्या डिफेन्सची गोष्ट. चार सामन्यांतून निघणारा धडा असा की, मदतीला धावणं हाच त्यांचा घात आहे. बॉस्टनचे थ्री बहुतेक वेळा कुणीतरी आत घुसल्यावर बाहेर आलेल्या पासमधून येतात. आत घुसायला वाट दिलीच नाही आणि बाकीचे आपल्या माणसाला चिकटून राहिले, तर बॉस्टनचा खेळ मंदावतो. त्यासाठी प्रत्येक स्क्रीनवर सरळ स्विच करायचं, ब्रन्सन टेटमसमोर आला तरी. टेटमने ब्रन्सनच्या डोक्यावरून मागे सरत शॉट मारला तर मारू द्यायचा. दुसऱ्याने मदतीला यायचं नाही.

आकडेमोड करून बघू. मोकळा थ्री ४० टक्क्यांनी पडतो असं धरलं तर त्या शॉटची किंमत १.२ गुण. समोर हात उंचावलेला डिफेंडर असताना मागे सरत मारलेला थ्री ३३ टक्क्यांनी पडला तर १ गुण. दबावाखालचा मधल्या पट्ट्यातला टू ४५ टक्क्यांनी पडला तर ०.९. टेटम एकटा खेळून ४० गुण करेलही, फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या मैदानावर, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, त्याने केलेच. पण त्या ४० गुणांना ३० शॉट लागले आणि बाकीचे चौघे बघत उभे राहिले, तर तो सौदा न्यूयॉर्कला परवडतो. मिकाल ब्रिजेस आणि ओजी अनुनोबी हे दोन लांब हातांचे विंग याचसाठी घेतले आहेत. ब्रिजेससाठी तर ब्रुकलिनला ड्राफ्टच्या (नवे खेळाडू निवडण्याच्या) पहिल्या फेरीचे पाच पिक, म्हणजे निवडीचे हक्क, मोजले. एवढी किंमत देऊन त्याला फक्त कोपऱ्यात थ्री मारायला उभं करणं मला पटत नाही. त्याने चेंडू आणणाऱ्या गार्डवर पूर्ण कोर्टभर दबाव ठेवायला हवा, म्हणजे बॉस्टनची चाल सुरू होईपर्यंत घड्याळात १५-१६ सेकंदच उरतात.

बॉस्टनमध्येही खोट आहे, आणि ती याच जागी आहे. मोठी आघाडी असलेल्या सामन्यात ते चेंडू छान फिरवतात. शेवटची पाच मिनिटं अटीतटीची असली की चाल आटते. टेटम किंवा ब्राउन वर उभा, बाकीचे चार कोपऱ्यांत, घड्याळ सहा सेकंदांवर, आणि मग अवघड थ्री. उलट बाजूला ब्रन्सन. शेवटच्या पाच मिनिटांत पाच किंवा कमी गुणांचं अंतर असतानाचा जो हिशोब लीग ठेवते, त्यात यंदा सरासरी गुणांत तो सगळ्यांच्या पुढे होता. तो वेगाने कुणालाही मागे टाकत नाही. थांबतो, खांदा टेकवतो, एका पायावर फिरतो, समोरच्याला उडी मारायला लावतो आणि मग त्याच्या हाताखालून शॉट किंवा फाउल. समोर स्विच होऊन आलेला उंच माणूस त्याला बरा वाटतो. हॉलिडे आणि व्हाइट उडी मारत नाहीत, म्हणून बॉस्टनविरुद्ध त्याला जास्त घाम गाळावा लागतो.

८ एप्रिलचा सामना या दृष्टीने पुन्हा बघावा. न्यूयॉर्क तीन गुणांनी पुढे, मोजके सेकंद बाकी, आणि टेटमने थ्री घालून सामना ओव्हरटाइममध्ये नेला. पुढे तो बॉस्टनने दोन गुणांनी काढला. पोर्झिंगिसचे ३४, टेटमचे ३२, इकडे टाउन्सचेही ३४. तीन गुणांची आघाडी आणि सहा-सात सेकंदांहून कमी वेळ असेल तर थ्री मारायला द्यायचाच नाही, आधीच फाउल करून दोन फ्री थ्रो द्यायचे, असं अनेक कोच मानतात. अट एवढीच की समोरचा शॉटच्या हालचालीत जायच्या आधी फाउल झाला पाहिजे, नाहीतर तीन फ्री थ्रो. तो निर्णय न्यूयॉर्कने मालिकेआधीच पक्का करून ठेवावा, बाजूरेषेवर उभं राहून विचार करायला वेळ नसतो.

थ्रीची चढउतार हाही बॉस्टनचा कायमचा धोका आहे. ४८ थ्री, ३७ टक्के, म्हणजे सरासरी १८. निव्वळ नशिबाच्या हेलकाव्याने हा आकडा तीन-साडेतीनने वर-खाली होतो. म्हणजे काहीही न बिघडता एखाद्या रात्री १४ आणि एखाद्या रात्री २१. या दोन रात्रींत २१ गुणांचं अंतर पडतं. ४८ पैकी १२ च पडण्याची रात्र दुर्मीळ असली तरी सात सामन्यांच्या मालिकेत ती एकदा येऊ शकते, पाय थकले असतील तर दोनदाही. प्रश्न असा की त्या रात्री बॉस्टन काय करतं. कोच जो मझुला यांचा हिशोबावर विश्वास आहे, मोकळा शॉट मिळतोय तर मारत राहा असं ते मानतात. ८२ सामन्यांत ते बरोबरच ठरतं. पण घरच्या मैदानावर २० गुणांची आघाडी वितळत असताना ब्राउनला रिंगकडे पाठवणं, पोर्झिंगिसला फ्री थ्रोच्या रेषेजवळ चेंडू देणं हे जास्त शहाणपणाचं. दोन फ्री थ्रो म्हणजे ८० टक्क्यांनी १.६ गुण, आणि घड्याळ थांबतं ते वेगळं.

तब्येतीचा भाग. ब्राउनचा उजवा गुडघा मार्चपासून त्रास देतोय आणि शेवटचे तीन सामने तो खेळला नाही. त्याची उडी कमी झाली तर बॉस्टनची रिंगकडे जाणारी सगळ्यात जोरकस वाट अरुंद होते, आणि संघ आणखी थ्रीवर रेलतो. पोर्झिंगिस यंदा फक्त ४२ सामने खेळला. आधी गेल्या जूनमधल्या पायाच्या शस्त्रक्रियेतून सावरत होता, मग फेब्रुवारी-मार्चमध्ये आजारपणाने आठ सामने गेले. तो धापा टाकताना दिसला तर बॉस्टनचं गणित बदलतं. हॉरफर्ड ३८ वर्षांचा आहे. तो अजूनही डोक्याने खेळतो, पण एक दिवसाआड ३५ मिनिटं त्याच्याकडून मागता येणार नाहीत.

न्यूयॉर्कमध्ये ब्रन्सनचा घोटा. ६ मार्चला लॉस एंजेलिसमध्ये मुरगळला, १५ सामने गेले, ६ एप्रिलला तो परतला. त्या महिन्याचा एक फायदा झाला: ब्रिजेस आणि अनुनोबीला स्वतः चेंडू घेऊन खेळावं लागलं, आणि अनुनोबी तर या काळात फारच धारदार झाला. ब्रन्सन परत आल्यावर दोघांना पुन्हा कोपऱ्यात उभं केलं तर ती कमाई वाया जाईल.

मिनिटांचा मुद्दा थिबोडो यांच्या प्रत्येक संघाला चिकटतो. हार्ट सामन्याला सरासरी ३७.६ मिनिटं खेळला, लीगमध्ये सर्वात जास्त. ब्रिजेस ८२ पैकी ८२ सामने. पहिल्या पाचांनी एकत्र ९०० हून जास्त मिनिटं काढली, तेही लीगमध्ये सर्वात जास्त. प्लेऑफमध्ये सगळेच कोच सात-आठ माणसांवर येतात, त्यामुळे बेंचची उणीव आता कमी जाणवेल. पण गेल्या वर्षी इंडियानाविरुद्ध काय झालं ते आठवा. रँडल आधीच बाहेर, रॉबिन्सन गेला, अनुनोबीचा हॅमस्ट्रिंग, सातव्या सामन्यात ब्रन्सनचा हात मोडला, आणि गार्डनमध्ये १३०-१०९ ने घरी बसावं लागलं. मॅकब्राइडला १८ ते २० मिनिटं आणि रॉबिन्सनला २० मिनिटं पहिल्या सामन्यापासून मिळाली पाहिजेत. ती मिळाली नाहीत तर पाचव्या सामन्याच्या चौथ्या क्वार्टरमध्ये हिशोब चुकता होतो.

पहिल्या फेरीबद्दल थोडक्यात. ऑरलँडोचं ऑफेन्स अडखळतं आणि थ्रीचा नेम लीगमध्ये सर्वात खराब, पण समोरच्याला थ्री मारूच न देण्यात ते पटाईत आहेत आणि अंगाला अंग लावून खेळतात. बॉस्टन ही मालिका जिंकेल, फक्त मार खाऊन बाहेर पडायला नको. डेट्रॉइट मात्र न्यूयॉर्कला सोपं नाही. गेल्या वर्षी १४ सामने जिंकलेला हा संघ यंदा ४४ जिंकला आणि न्यूयॉर्कविरुद्ध चारपैकी तीन. केड कनिंगहॅम टाउन्सला स्क्रीनमध्ये ओढणार, अगदी बॉस्टनसारखाच. त्या मालिकेत न्यूयॉर्कने स्विचचा सराव केला तर पुढे उपयोग होईल. ती सात सामन्यांपर्यंत लांबली तर पुढे पाय उरणार नाहीत.

निकाल द्यायचा तर आज बॉस्टनला दहापैकी साडेआठ, न्यूयॉर्कला सात. मालिका झालीच तर बॉस्टन सहा सामन्यांत. घरचं मैदान त्यांचं आहे, पहिले दोन सामने बॉस्टनमध्ये, पुढचे दोन न्यूयॉर्कमध्ये, मग एकेक. बॉस्टनचं यंदाचं एक वैशिष्ट्य असं की बाहेर ते घरच्यापेक्षा सरस ठरलं: बाहेर ३३-८, घरी २८-१३. म्हणून पहिल्या दोनपैकी एक सामना न्यूयॉर्कने काढणं अशक्य नाही. पण यंदा क्लीव्हलँड, ओक्लाहोमा सिटी आणि बॉस्टन या तिन्ही बलाढ्य संघांविरुद्ध मिळून न्यूयॉर्क दहाच्या दहा सामने हरलं आहे, आणि ही गोष्ट एका चांगल्या रात्रीने पुसत नाही. ज्यांना रचना, जागा आणि पासचा खेळ बघायचा आहे त्यांनी बॉस्टनचे सामने चुकवू नयेत. शेवटच्या पाच मिनिटांचा थरार हवा असेल तर न्यूयॉर्क.

गाठ पडली तर पहिल्या सामन्याच्या सुरुवातीलाच दोन गोष्टी बघा. हार्टवर कोण उभं आहे, आणि तो कोपऱ्यात उभा राहतो की स्क्रीनला येतो. मग दुसऱ्या टोकाला, ब्रन्सनच्या माणसाने टेटमसाठी पहिला स्क्रीन लावला की ब्रन्सन पुढे येऊन मागे पळतो की तिथेच थांबून स्विच करतो. तो थांबला आणि बाकीचे चौघे आपापल्या माणसाजवळून हलले नाहीत, तर साडेआठ आणि सात हे गुण मला पुन्हा मांडावे लागतील.